कुंडलिकेचे द्रुतवाह

रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्यापासून कोलाडच्या दिशेने येताना कुंडलिका नदीचे पात्र उताराचे आणि खडकाळ आहे. रवाळजे-साजे परिसराच्या पुढचा सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. नदीचे पाणी तीव्र उतारावरून, धोंड्यांना आपटत वेगाने धावते त्या जागेला भूगोलात द्रुतवाह म्हणतात. येथील लाटा समुद्रासारख्या पुढे सरकत नाहीत. पाणी वाहून जाते, लाट मात्र बुडालेल्या धोंड्याच्या खालच्या अंगाला तिथल्या तिथे उभी राहते.

कोकणातल्या बहुतेक नद्या डिसेंबरनंतर रोडावतात. कुंडलिका उन्हाळ्यातही खळाळते, पण हे पाणी मुळात तिचे नव्हे. घाटावरच्या मुळशी धरणात अडवलेले मुळा नदीचे पाणी नळांतून कड्याखाली भिरा येथे आणून टाटांच्या वीजघरात सोडतात आणि तिथून ते कुंडलिकेत येते. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. भीमेमार्गे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचे पाणी असे अरबी समुद्राकडे वळले. त्यासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. राफ्टमध्ये बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे!

पावसाळा सोडला तर द्रुतवाहांचे वेळापत्रक वीजनिर्मितीवर ठरते. पाणी सुटण्याआधी पात्रात धोंडे उघडे असतात, मधे गुडघाभर पाण्याचे पट्टे. पाणी सुटले की तेच धोंडे दिसेनासे होतात, त्यामुळे धुणे धुणाऱ्यांना आणि मासे धरणाऱ्यांना वेळेचे भान ठेवावेच लागते. राफ्टिंग बहुधा सकाळी होते, तेही याच कारणाने.

काठची गावे लहान आणि भातशेतीची आहेत. डोंगरउतारावर कातकरी व धनगर वाड्या आहेत. राफ्टिंगमुळे तरुणांना वाटाड्या, जीपचालक अशी कामे मिळाली, काही घरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. गर्दी मात्र शनिवार-रविवारची, त्यामुळे घरखर्चाचा भरवसा अजून शेतीवरच आहे. याच पाण्यावर डोलवहाल बंधाऱ्यातून कालवे निघाले असून त्यांच्या लाभक्षेत्रात उन्हाळी भात घेतला जातो. शेजारचे माळ करपलेले असताना ही खाचरे हिरवी दिसतात. पुढे रोह्यावरून कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते.