शोकात्म राजा (कल्पित विश्वातील)

शोकात्म राजा : अद्भुतकथांमधील एक व्यक्तिप्रकार. लेखकाने मुळापासून रचलेल्या, स्वतःचा भूगोल, इतिहास आणि नियम असलेल्या विश्वात राज्य करणारा, वृत्तीने उमदा, आणि तरीही स्वतःच्याच शब्दाने किंवा निर्णयाने आपला व राज्याचा घात करून घेणारा राजा. नुसता दुर्दैवी राजा या व्याख्येत बसत नाही. शत्रूची फौज मोठी होती म्हणून राजा हरला, तर ती घटना दुःखद; किल्ल्याचा दरवाजा त्यानेच, चांगल्या हेतूने उघडला असेल, तर शोकात्म.

या कल्पनेचे मूळ ग्रीक नाट्यविचारात आहे. ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात शोकात्मिकेचा नायक कसा असावा हे सांगितले : तो सद्गुणांचा पुतळा नको आणि दुष्टही नको, कीर्ती व वैभव असलेला असावा आणि दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या प्रमादामुळे कोसळावा. त्याने दिलेले ठळक उदाहरण ईडिपस राजाचे. राजाच का, याचे उत्तर सोपे आहे. सामान्य माणसाची चूक त्याच्या घरापुरती राहते, राजाची चूक सगळ्या मुलखाला भोवते. महाभारतातले ‘राजा कालस्य कारणम्’ हे वचनही वेगळ्या वाटेने तिथेच पोचते.

कल्पित विश्वात या जुन्या साच्यात एक मोठा फरक पडतो. वास्तववादी कथेत शपथ म्हणजे फक्त बोललेले शब्द; मोडली तर नाव खराब होते, फार तर मन खाते. रचलेल्या विश्वात शपथ, शाप आणि वर हे निसर्गनियमासारखे चालतात. राजाच्या तोंडून शब्द निघाला की तो परत घेता येत नाही, कारण ते विश्वच तसे बांधलेले असते. रामायणातल्या दशरथाला हे ठाऊक होते : एके काळी प्रसन्न होऊन दिलेले दोन वर कैकेयीने अभिषेकाच्या तोंडावर मागितले आणि मुनीचा जुना शापही त्याच वेळी खरा झाला. आधुनिक अद्भुतकथेने महाकाव्यांकडून उचललेली ही बहुधा सर्वांत मोलाची गोष्ट. जादू, ड्रॅगन वगैरे त्यामानाने सजावट.

या प्रकाराचा नमुना म्हणून जे. आर. आर. टोल्किन यांचा थिंगोल पाहण्यासारखा आहे. त्याची कथा लेखकाच्या मृत्यूनंतर, 1977 मध्ये आलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये आहे. थिंगोल हा डोरिअथच्या अरण्यातील एल्फांचा, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या पण अमर जमातीचा राजा. पत्नी मेलिअन हिच्या शक्तीचे अदृश्य कडे राज्याभोवती असल्याने बाहेर युद्धे पेटली तरी आत शांतता. मुलगी लूथिएन बेरेन या मर्त्य माणसाच्या प्रेमात पडते. त्याला मारणार नाही असे वचन थिंगोलने मुलीला आधीच दिलेले असते, म्हणून तो पळवाट काढतो : त्या विश्वातला महादुष्ट सत्ताधीश मॉरगॉथ याच्या मुकुटातले एक सिल्मरिल रत्न आणून दे आणि मुलीचा हात घे. म्हणजे मरायलाच जा. वचनाचा शब्द पाळला, अर्थ मोडला. ‘तू एक तर मुलीचा नाश ओढवलास, नाही तर स्वतःचा,’ अशा आशयाचा इशारा मेलिअन देते. बेरेन रत्न मिळवतो. ज्या रत्नांवरून साऱ्या जगात रक्त सांडत होते, त्यातले एक आता थिंगोलच्या घरी येते. पुढे ते एका जुन्या हारात बसवण्यासाठी तो बुटक्या कारागिरांना बोलावतो. काम पूर्ण होताच ते हारावर हक्क सांगतात. संतापलेला राजा एकटा त्यांच्यामध्ये उभा राहून त्यांना अपमानाचे शब्द ऐकवतो आणि मजुरी न घेता चालते व्हायला सांगतो. तिथेच ते त्याला मारतात. मरताना त्याची शेवटची नजर रत्नावर असते. मेलिअन निघून जाते आणि तिच्यासोबत राज्याभोवतीचे कडेही.

हाच थिंगोल टुरिन या पोरक्या झालेल्या मानवी मुलाला पोटच्या पोरासारखा वाढवतो. तो प्रसंग काढून टाकला तर उरतो एक गर्विष्ठ सासरा. त्याच्याविषयी हळहळ वाटते ती टुरिनमुळे.

राजाचा दोष एखाद्या वस्तूत उतरवणे ही या कथांची आवडती युक्ती आहे. मायकेल मूरकॉक यांचा एल्रिक 1961 मध्ये प्रथम छापून आला : मेल्निबोने साम्राज्याचा 428वा सम्राट, वर्णहीन, अशक्त. त्याची काळी तलवार इतरांचे आत्मे पिऊन त्याला बळ देते, आणि त्याच्या प्रेयसीचा जीवही तीच घेते. तलवार टाकली तर तो दुबळा, धरली तर जवळची माणसे जाणार. 2002 च्या ‘वॉरक्राफ्ट 3’ या संगणकीय खेळात राजपुत्र आर्थसची गोष्ट याच वळणाने जाते. प्रजा वाचवण्यासाठी शापित तलवार हाती घेणारा हा तरुण शेवटी वडिलांचाच खून करतो. खेळात निर्णयाचे बटण खेळणाऱ्यालाच दाबावे लागते, हा अनुभव पुस्तक देऊ शकत नाही.

प्रत्येक उदात्त मृत्यू मात्र शोकात्म नसतो. टोल्किन यांचाच रोहनचा राजा थिओडन दुष्ट सल्लागाराच्या कह्यातून सुटतो, म्हातारपणी युद्धाला निघतो आणि रणांगणात स्वतःच्या घोड्याखाली सापडून मरतो. वाचकाचा गळा दाटतो, पण ही वीरकथा आहे. त्याची चूक त्याच्या हयातीतच धुऊन निघालेली असते. याउलट, सगळा दोष कान भरणाऱ्या मंत्र्याचा किंवा अटळ भविष्यवाणीचा दाखवला, तर राजा बाहुले होतो. सुमार अद्भुतकथा इथेच फसतात.

गंमत अशी की टोल्किन यांनी 1939 मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातून पुढे तयार झालेल्या निबंधात परीकथेचे खरे रूप शोकात्मिकेच्या उलट असल्याचे म्हटले होते : शोकात्मिका नाटकाची, परीकथेला हवे ते अनपेक्षित आनंददायी वळण. व्याख्यानाच्या वेळी डोरिअथच्या नाशाची कथा त्यांच्या कागदपत्रांत कित्येक वर्षे पडून होती.

त्या कथेतला हार थिंगोलबरोबर संपत नाही. तो पुढे त्याचा नातू डिओर छातीवर मिरवतो. रत्नावर हक्क सांगणारे, ती रत्ने घडवणाऱ्या फेआनोरचे मुलगे ते परत मागणारा निरोप धाडतात. डिओर उत्तरच देत नाही, आणि डोरिअथ दुसऱ्यांदा पडते.