कर्ज फेडताना मधेच दम का सुटतो?

वर्षाला ९ टक्के व्याजाचं, २० वर्षांच्या मुदतीचं कर्ज घेतलं की पहिल्या हप्त्यातले ८३ टक्के पैसे व्याजात जातात. मुद्दल कमी होतं ते उरलेल्या १७ टक्क्यांनी. एकही हप्ता न चुकवता पाच वर्षं भरत राहिलं, तरी मुद्दलातलं जेमतेम ११ टक्के फिटलेलं असतं. अर्धं मुद्दल फिटायला १४ वर्षं जातात आणि राहिलेलं अर्धं पुढच्या सहा वर्षांत संपतं. यात कुणाची लबाडी नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, मुद्दल सुरुवातीला सर्वांत जास्त असतं आणि हप्ता मात्र कायम तेवढाच; त्यातून हे आपोआप होतं.

गणित म्हणून हे निरुपद्रवी आहे. माणसाच्या उमेदीसाठी मात्र याहून वाईट रचना शोधून सापडणार नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ साली असं मांडलं की ध्येय जवळ येईल तसा प्राण्याचा जोर वाढतो. खाऊच्या दिशेने बोळातून धावणारे उंदीर शेवटच्या टप्प्यात वेग वाढवतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. माणसंही वेगळी नाहीत. २००६ साली जोसेफ नून्स आणि झेवियर ड्रेझ या संशोधकांनी मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर ३०० कार्डं वाटली. निम्मी कार्डं कोरी होती आणि एक धुलाई फुकट मिळायला आठ शिक्के लागत. उरलेल्या कार्डांवर दहा शिक्क्यांची जागा होती, पण दोन शिक्के आधीच मारलेले होते. म्हणजे दोन्हीकडे करायचं काम आठच धुलायांचं. कोऱ्या कार्डवाल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दोन शिक्के आयते मिळालेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. आपण अगदी शून्यावर नाही, एवढ्या भासानेच फरक पडला.

सुरुवातीला माणूस आपण किती पुढे आलो ते बघतो, शेवटाकडे किती राहिलं ते बघतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही टोकं लांब असतात, आणि उमेद तिथेच सर्वांत खाली जाते, असं २०११ मध्ये आंद्रेआ बोनेझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं. लांब मुदतीच्या कर्जात हा मधला पट्टा अवाढव्य असतो.

यावर मिनजुंग कू आणि आयलेट फिशबाख यांच्या २०१२ च्या संशोधनातून निघणारा उपाय पहिल्यांदा वाचताना पोरकट वाटतो. भरलेलं आणि उरलेलं यांपैकी जो आकडा लहान असेल त्यावर नजर ठेवायची. दहा हप्ते भरले असतील तर अकरावा भरल्यावर भरलेल्यांत दहा टक्क्यांची भर पडते. उरलेले २३० वरून २२९ झाले, हे मात्र जाणवतही नाही. शेवटचे दहा राहिले की हेच उलट. आपल्या डोक्याला फरक कळतो तो प्रमाणात, हे लक्षात घेतलं की त्यातला पोरकटपणा जातो.

आणि तरी हे सगळं गाडी रुळावर असतानाचं झालं. घरोघरची कर्जफेड मोडते ती बहुधा कंटाळ्याने नाही. काहीतरी अंगावर येतं तेव्हा ती मोडते: आजारपण, नोकरीतला खंड, छप्पर गळणं, नात्यातली अडचण. एक हप्ता चुकतो, किंवा फेडत आणलेल्या क्रेडिट कार्डावर पुन्हा मोठा आकडा चढतो. मग पुढचे काही महिने जे होतं ते त्या मूळ संकटाच्या मानाने फारच मोठं असतं.

या दुसऱ्या घसरणीचा अभ्यास आधी कर्जावर नाही, तर खाण्यावर झाला. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना चव-चाचणीच्या नावाखाली आइस्क्रीम दिलं. त्याआधी काहींना एक मिल्कशेक पाजला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, त्यामुळे त्यात नवल नाही. पथ्यावर असलेल्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त आइस्क्रीम खाल्लं. पुढे जेनेट पोलिव्ही यांच्या प्रयोगांतून कळलं की पोटात खरोखर किती उष्मांक गेले याला फारसं महत्त्व नव्हतं. ‘आपलं पथ्य मोडलं’ ही समजूत झाली की बंधन सुटायचं, मग खाल्लेला पदार्थ प्रत्यक्षात हलका का असेना. आजचा दिवस वाया गेलाच आहे, तर जाऊ दे सगळं!

कर्जाच्या बाबतीत ही ‘जाऊ दे सगळं’ वृत्ती किती महागात पडते, ते वरच्याच उदाहरणावर मांडून बघू. पाच वर्षं हप्ते भरल्यावर एक हप्ता चुकला, आणि ती रक्कम तशीच व्याजासह शिल्लक मुद्दलात मिसळली, तर कर्ज ठरल्यापेक्षा चार महिने उशिरा फिटतं. दंड आणि पतनोंदीवरचा डाग वेगळा. एका हप्त्याबदली चार, म्हणजे नुकसान खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण २४० महिन्यांचा रस्ता २४४ झाला, एवढंच ते आहे. याच गणिताची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते: अगदी सुरुवातीला एकच जादा हप्ता भरला तर शेपटाकडचे जवळजवळ सहा हप्ते गळून जातात. मागे पडणं आणि भरून काढणं, दोन्ही एकाच यंत्रातून चालतं.

चुकल्यानंतर दुसरी गोष्ट होते ती म्हणजे बघणं बंद. कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांनी २००९ मध्ये दाखवलं की बाजार वर जात असताना गुंतवणूकदार आपलं खातं वारंवार उघडतात आणि पडत असताना कमी. कर्जाचं विवरणपत्र न उघडता बाजूला ठेवणारा माणूस हेच करत असतो. फरक इतकाच की तिथे न बघण्यावर व्याज चढत नाही, इथे चढतं.

लाज या न बघण्याला खतपाणी घालते, असं माझं मत आहे, आणि त्याला पूरक असा एक निष्कर्षही आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या तयारीत कमी चालढकल केली. आपल्याकडची सर्वसाधारण समजूत याच्या नेमकी उलट आहे: स्वतःला चांगलं फैलावर घेतलं की माणूस सुधारतो म्हणे. परीक्षा आणि कर्ज एक नव्हे, हे मान्य. पण घरात हप्ता चुकवणाऱ्याला बोल लावून पुढचा हप्ता वेळेवर आला, असं व्हायचं काही कारण मला दिसत नाही.

खरी मेख यापेक्षा आधी, योजना आखतानाच बसलेली असते. अ‍ॅबिगेल ससमन आणि अ‍ॅडम ऑल्टर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की नेहमीच्या खर्चाचा अंदाज लोक बरा बांधतात, पण ‘कधीतरी’ येणाऱ्या खर्चाचा फार कमी धरतात. प्रत्येक असा खर्च त्यांना अपवाद वाटतो. या महिन्यात दात, पुढच्या महिन्यात वाहनाची दुरुस्ती, त्यानंतर लग्नकार्य. सुटा सुटा प्रत्येक खर्च खरोखर विरळाच. पण सगळे मिळून दर दोन-तीन महिन्यांनी दारात कुणी ना कुणी उभं असतं. शेवटच्या पैशापर्यंत ताणून ठरवलेला हप्ता म्हणूनच कागदावर शूर दिसतो आणि पहिल्याच फटक्यात मोडतो.

मरिसा शरीफ आणि सुझन शू यांचा २०१७ मधला प्रयोग इथे मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांनी लोकांना आठवडाभर रोज करायचं एक कंटाळवाणं काम दिलं. एका गटाचं ध्येय सातही दिवस, दुसऱ्याचं पाच दिवस, तिसऱ्याचंही सात दिवस, पण गरज पडल्यास वापरायला दोन ‘आणीबाणीच्या सुट्ट्या’. बारकाईने बघितलं तर दुसरा आणि तिसरा गट सारखेच: पाच दिवस काम केलं की झालं. ध्येय गाठणाऱ्यांचं प्रमाण मात्र पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात २६ आणि तिसऱ्यात ५३ टक्के होतं. सुट्ट्या हाताशी असूनही लोक त्या उगाच उधळत नव्हते. आणि एखादा दिवस चुकला तरी ते ‘मोडलं’ या खात्यात जात नव्हतं. ती सवलत आधीच ठरलेली होती.

कर्जफेडीत याचा तर्जुमा सरळ आहे. ज्या जादा रकमा आपण आपणहून भरणार आहोत, त्या वर्षाच्या बाराही महिन्यांसाठी ठरवाव्यात आणि त्यातले दोन महिने चुकले तरी चालतील हे आधीच लिहून ठेवावं. सक्तीच्या हप्त्याला अशी सुट्टी नसते. त्यासाठी बाजूला दोन-तीन हप्त्यांइतके पैसे पडून हवेत, कर्जावर व्याज चालू असलं तरीही. त्या पैशांनी थोडं मुद्दल फेडणं निव्वळ हिशेबाने जास्त शहाणपणाचं ठरेल. पण त्या ठेवीचं खरं काम पहिला फटका परस्पर झेलणं हे आहे, म्हणजे मोडल्याची भावना जन्मालाच येत नाही.

आता वादाचा मुद्दा. अनेक कर्जं असतील तर आधी कोणतं फेडावं? हिशेबाचं उत्तर एकच: सर्वांत जास्त व्याजाचं. मोटी अमार, डॅन अरिएली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पाहिलं की लोक प्रयोगासाठी रचलेल्या खेळातल्या कर्जांतही असं करत नाहीत. व्याज काही असो, लहान कर्ज आधी संपवून खात्यांची संख्या कमी करतात. त्यांनी याला चूक ठरवलं. पुढच्याच वर्षी डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन यांनी तडजोडीने कर्ज फेडणाऱ्या हजारो लोकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांची जास्त खाती बंद झाली होती, ते शेवटपर्यंत टिकण्याची शक्यता अधिक होती, मग बंद झालेल्या खात्यांची रक्कम लहान का असेना. अर्थात ही फक्त सांगड आहे. मुळात चिकाटीची माणसंच खाती बंद करत असतील, ही शंका राहते.

ती शंका काहीशी कमी करणारा पुरावा सिंगापूरमधून २०१९ मध्ये आला. दीर्घकाळ कर्जात असलेल्या १९६ अल्प उत्पन्न गटातल्या लोकांचं कर्ज एका सेवाभावी संस्थेने ५,००० सिंगापूर डॉलरच्या आसपासच्या मर्यादेपर्यंत फेडलं. मदतीआधी आणि तीन महिन्यांनंतर त्यांची तपासणी झाली. लक्ष एकवटण्याच्या चाचणीतल्या चुका १७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आल्या, चिंताविकाराची लक्षणं असलेल्यांचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून ५३ वर. मदतीची रक्कम सारखीच असली तरी ज्यांची जास्त खाती पूर्ण बंद झाली त्यांना जास्त फायदा झाला. प्रत्येक उघडं खातं डोक्यात वेगळी जागा अडवून बसतं, असा संशोधकांचा अर्थ.

म्हणून मी दोन्ही बाजूंचा थोडा थोडा पक्ष घेईन. दोन कर्जांच्या व्याजदरात दोन-तीन टक्क्यांचा फरक असेल, तर लहान कर्ज आधी संपवून एक खातं कमी करावं. एकीकडे ९ आणि दुसरीकडे ३६ टक्के असतील, तर शंभरामागे वर्षाला २७ जादा जातात, आणि एवढी किंमत कुठल्याही मानसिक समाधानाला देऊ नये. तिथे महागडं कर्जच आधी, मात्र जादा पैसे सगळ्या खात्यांत वाटून न टाकता त्या एकातच भरावेत. केरी केटल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं आहे की एकूण प्रगती लोक एखाद्या खात्यात झालेल्या सर्वांत मोठ्या घटीवरून जोखतात. थोडं थोडं सगळीकडे टाकलं की कुठेच काही झाल्यासारखं वाटत नाही.

सगळे हप्ते आणि घरातला अटळ खर्च मिळून उत्पन्नाच्या पलीकडे जात असतील, तर वरचं काहीच लागू पडत नाही. तिथे प्रश्न उमेदीचा नसून बेरजेचा आहे, आणि कर्ज देणाऱ्याशी बोलणी करणं एवढाच मार्ग उरतो. ती बोलणी हप्ता थकण्याआधी केलेली बरी. बोलताना पहिली तयार सवलत समोर येते ती मुदतवाढीची, आणि ती दिसते तितकी उदार नसते. आपल्या उदाहरणातली मुदत २० वरून २५ वर्षं केली तर हप्ता फक्त ७ टक्क्यांनी उतरतो, पण एकूण व्याज मुद्दलाच्या ११६ टक्क्यांवरून १५२ टक्क्यांवर जातं. व्याजदर ९ चा ८ करून मिळाला तरी हप्ता तेवढाच उतरतो, मुदत वाढत नाही आणि एकूण व्याज १०१ टक्क्यांपर्यंत खाली येतं. तेव्हा आधी दराबद्दल विचारावं.