हिवाळ्यातली ऊब आणि झाडांचा हिशोब

भर हिवाळ्यात चार-सहा दिवस ऊब आली की सफरचंद, पीच, जर्दाळूच्या झाडांचं काय होतं, हे ती ऊब नेमकी कधी आली यावर ठरतं.

पानगळीनंतर या झाडांचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कळ्या, गाढ सुप्तावस्थेत जातात. तेव्हा कितीही ऊब मिळाली तरी ते फुटत नाहीत. ठरावीक थंडी साठल्यावरच ते जागे व्हायला तयार होतात. जुन्या मोजणीत ० ते ७ अंश सेल्सिअसचा प्रत्येक तास जमेला धरतात. जातीनुसार दोनशेपासून हजारावर तास लागतात. थंडीच्या तासांना गुण देणाऱ्या १९७४ च्या यूटा पद्धतीत वजाबाकीही आहे: १६ ते १८ अंशांच्या तासाला अर्धा गुण जातो, १८ च्या वर पूर्ण एक. म्हणजे दुपारचे सहा तास २० अंश राहिले, तर रात्रभरात कमावलेले सहा गुण गेले. हिशोब अपुरा राहिला की फुलोरा विरळ आणि मागेपुढे येतो.

खरा धोका हिशोब पुरा झाल्यावरचा. सुप्त कळीत पाणी कमी आणि साखर जास्त असते. पीचच्या फुलकळीतलं पाणी तर शून्याखाली बरंच उतरूनही गोठत नाही. ऊब लागताच कळी पाणी ओढून फुगते आणि थंडीपासूनचं हे संरक्षण काही दिवसांत जातं. परत कमवायला जास्त वेळ लागतो, तेही पूर्ण मिळत नाही. फुगू लागलेल्या पीचच्या कळ्यांपैकी ९० टक्के मरायला उणे १७ अंशांच्या आसपासची थंडी लागते. उमललेल्या फुलांना अर्धा तास उणे ४.४ पुरतं.

म्हणून उबदार दिवस छान वाटले तरी तेव्हा छाटणी करू नये, नत्रही देऊ नये. दोन्हींमुळे झाड लवकर जागं होतं. खोडाच्या उन्हाकडच्या बाजूची साल दिवसा तापून रात्री गोठते आणि उभी तडकते. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग तेवढंच पाणी घालून हिवाळ्याआधीच खोडाला लावला, तर हे बरंच टळतं.

कडाका पडून गेल्यावर झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून डहाळ्या आणून एक दिवस घरात ठेवाव्यात. मग धारदार पात्याने शंभर कळ्या आडव्या कापाव्यात. मधला ठिपका हिरवा असेल तर कळी जिवंत, तपकिरी असेल तर मेलेली. पीचला फुलकळ्या इतक्या भरपूर असतात की १०-१५ टक्के वाचल्या तरी पीक मिळू शकतं. किती फांद्या ठेवायच्या, ते ही मोजणी झाल्यावर ठरवावं.