ईजिप्शियन लघुसैनिकांचे रंगकाम

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या वॉरगेमसाठी प्राचीन ईजिप्तच्या सैनिकांच्या छोट्या मूर्ती रंगवण्याचा छंद. मूर्ती मिश्रधातूच्या, रेझिनच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. धातूत 15 आणि 28 मिमी. हे आकार जास्त चालतात, प्लॅस्टिकमध्ये 1:72 हे प्रमाण. बहुतेक खेळाडू नवराज्याच्या काळातले (सु. इ.स.पू. 1550–1070) सैन्य निवडतात. त्यात रथ आहेत, आणि रामसेस दुसरा व हिटाइटांचा (आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन साम्राज्याचा) राजा मुवातल्ली यांच्यातली कादेशची लढाईही (सु. इ.स.पू. 1274) आहे.

रंगीत लघुसैनिक करण्याची हौस खुद्द ईजिप्शियनांनाही होती. अस्यूत येथे मेसेहती या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात (सु. इ.स.पू. 2000) चालत्या लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या : 40 ईजिप्शियन भालाईत आणि 40 न्यूबियन (ईजिप्तच्या दक्षिणेकडील न्यूबियाचे) तिरंदाज. भालाइतांच्या ढालींवर गाईच्या कातड्याचे ठिपके रंगवलेले आहेत आणि ते ढालीगणिक वेगळे आहेत. आजच्या रंगकर्मीने नेमके हेच उचलावे. प्रत्येक ढालीवर निराळे डाग काढणे कंटाळवाणे असते, पण सारख्या ढालींची पलटण छापल्यासारखी दिसते.

ईजिप्शियन चित्रकार पुरुषांची त्वचा गेरूने लालसर तपकिरी रंगवत, न्यूबियनांची त्याहून गडद. हा चित्रसंकेत आहे, वर्णाची नोंद नव्हे. म्हणून एकाच तुकडीत दोन-तीन छटा वापरायला हरकत नाही. प्रायमरवर (रंग धरून ठेवणाऱ्या पहिल्या थरावर) मूळ रंगाचा हात देतात, मग पातळ गडद तपकिरी रंग खाचांत उतरू देतात आणि वाळल्यावर खांदे, नाक, गुडघे असे उंच भाग फिक्या छटेने उजळतात.

खरी परीक्षा कमरेच्या पांढऱ्या लिनन वस्त्राची. सुरुवातच शुभ्र पांढऱ्याने केली, तर उजळायला जागा उरत नाही आणि घड्याही दिसत नाहीत. म्हणून आधी फिकट राखी किंवा मातकट रंग लावतात, त्यावर हस्तिदंती, आणि शुभ्र पांढरा फक्त घड्यांच्या कडांना.

निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे नेमेस शिरोवस्त्र साध्या शिपायाला चढवण्याचा मोह टाळावा. तो राजाचा मान. रणांगणावरच्या राजाला निळा खेप्रेश मुकुट शोभतो. भडक रंगांची हौस रथांवर भागवता येते. 1922 मध्ये उघडकीस आलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात खरे रथ तर मिळालेच, शिवाय रथयुद्धाची चित्रे असलेली एक रंगीत पेटीही मिळाली. घोड्यांच्या डोक्यावरचे तुरे आणि अंगावरच्या झुली यांसाठी तिच्याइतका चांगला नमुना क्वचितच मिळेल. रामसेसच्या अंगरक्षकांतले शेरदेन मात्र परके होते. शिंगांची शिरस्त्राणे आणि गोल ढाली यांमुळे ते लगेच ओळखू येतात, तेव्हा त्यांच्या ढालींवर कातड्याचे ठिपके काढू नयेत.

पायाच्या चकतीवर गोंद लावून वाळू चिकटवण्याची रीत आहे, आणि तिला पिवळा रंग देऊन सगळे मोकळे होतात. कादेश मात्र सीरियात, ओरोंतेस नदीकाठी आहे. त्या लढाईचे सैन्य उभारायचे, तर तपकिरी माती आणि हिरवे गवतच योग्य.