कंटेनरमधील देखभाल स्क्रिप्ट

लॉग (सर्व्हरच्या नोंदी) छाटणे, तात्पुरत्या फायली पुसणे, डेटाबेसचा बॅकअप घेणे अशी सर्व्हरची नेमाची कामे सॉफ्टवेअर कंटेनरच्या (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली एकत्र बांधून वेगळे चालवण्याची सोय) आत चालवण्याची पद्धत. कारखान्यांच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात आता डेटा सेंटरे आणि आयटी पार्कही आहेत. ऐरोली, महापे येथील सिस्टिम सांभाळणाऱ्यांना हा विषय चांगलाच परिचयाचा आहे.

जुन्या सर्व्हरवर ही कामे ‘क्रॉन’ हा ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्राम करतो. २०१३ मध्ये कंटेनर चालवणारे डॉकर हे सॉफ्टवेअर आले आणि कंटेनर रुळले, तेव्हा अनेकांनी क्रॉनही आत नेला. कंटेनर म्हणजे छोटा सर्व्हर, हा समज त्यामागे होता. प्रत्यक्षात कंटेनर ही होस्टच्याच (मूळ यंत्राच्या) लिनक्स कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, वेगळी कोंडून ठेवलेली प्रक्रिया असते. आतली क्रमांक १ची, म्हणजे सर्वांत आधी सुरू झालेली, प्रक्रिया संपली की कंटेनरही थांबतो.

डेबियन या लिनक्स प्रकारातला क्रॉन कंटेनरला दिलेली एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स (पासवर्डसारखी सेटिंग) जॉबपर्यंत, म्हणजे नेमून दिलेल्या कामापर्यंत, पोहोचवत नाही. त्यामुळे हाताने चालवलेली स्क्रिप्ट सुरळीत चालते आणि तीच रात्री पासवर्ड न सापडल्याने पडते. त्रुटीचा संदेश क्रॉन मेलने पाठवू पाहतो. आत मेलची सोय सहसा नसते, आणि डॉकरच्या लॉगमध्येही काही उमटत नाही. घड्याळाची गंमत निराळीच. बहुतेक इमेज (ज्यावरून कंटेनर उभा राहतो ते साचे) यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ पाळतात, म्हणून रात्री २ ला लावलेला बॅकअप भारतीय वेळेनुसार सकाळी ७:३० ला सुरू होतो. ट्रान्स-हार्बर लोकलने सकाळच्या शिफ्टची माणसे रबाळे-घणसोलीला उतरत असतात, आणि मंदावलेला डेटाबेस त्यांच्या वाट्याला येतो.

त्यापेक्षा त्याच इमेजमधून प्रत्येक कामासाठी अल्पायुषी कंटेनर उभा करणे सोयीचे. वेळापत्रक होस्टचा क्रॉन किंवा कुबरनेटिस (अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणारी प्रणाली) सांभाळतो. कुबरनेटिसची ‘क्रॉनजॉब’ सोय २०२१ मध्ये, १.२१ या आवृत्तीत स्थिर झाली. आधीचा जॉब संपला नसताना पुढचा सुरू होऊ नये, हे मात्र तिला स्पष्ट सांगावे लागते.

काही कामे आत करूच नयेत. चालू कंटेनरमध्ये पॅकेज अद्ययावत केले तर नवा कंटेनर उभा राहताच तो बदल जातो. इमेजच नव्याने बांधावी. साफसफाईच्या कंटेनरला डॉकरचे सॉकेट (त्याला आज्ञा देण्याची वाट) देणे म्हणजे व्यवहारात होस्टचे रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार देणे. लॉगसाठी तर बऱ्याचदा स्क्रिप्टही लागत नाही. डॉकरच्या मूळ लॉग ड्रायव्हरला (नोंदी साठवणाऱ्या भागाला) आकाराची मर्यादा नसते, ती सेटिंगमध्ये घालता येते.