गॅलोवेची डेव्हॉर्गिला : माहेरचा वारसा आणि गादीचा तंटा

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, क्रिफेल डोंगराच्या पायथ्याशी न्यू ॲबी नावाचे गाव आहे. तिथल्या तांबड्या दगडाच्या पडक्या मठाला 'स्वीटहार्ट ॲबी' म्हणतात. या मठाची संस्थापिका डेव्हॉर्गिला. नवरा वारल्यावर तिने त्याचे हृदय मसाला भरून हस्तिदंती डबीत जपले, आणि ती गेल्यावर डबी तिच्यासोबतच मठात पुरली गेली, असे सांगतात. ती जेवायला बसली की डबीपुढेही वाढले जाई आणि ते अन्न मग गरिबांच्या मुखी पडे, ही भर विंटनचा अँड्र्यू या इतिवृत्तकाराची. त्याने हे लिहिले पंधराव्या शतकात, बाई जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावर. गोष्ट गोड आहे आणि म्हणूनच टिकली. पण या गोष्टीच्या आड एक मोठी जमीनदारीण झाकली गेली, जिच्या मुलाला पुढे माहेरच्या रक्ताच्या जोरावर स्कॉटलंडची गादी मिळाली.

डेव्हॉर्गिलाचा जन्म 1210 च्या सुमाराचा. वडील ॲलन हे गॅलोवेचे धनी. हा मुलूख नावाला स्कॉटलंडच्या राजाचा, पण गेलिक बोलणारा आणि आपल्या रीतीभाती न सोडणारा. आई मार्गारेट ही हंटिंगडनचा अर्ल डेव्हिड याची थोरली मुलगी, आणि डेव्हिड हा राजा विल्यम 'द लायन' याचा धाकटा भाऊ. म्हणजे वडिलांकडून जमीन आणि आईकडून राजरक्त. 1223 मध्ये, लहान वयातच, तिचे लग्न जॉन बॅलिऑलशी झाले. बॅलिऑल घराणे मूळचे फ्रान्सच्या पिकार्डीतले. इंग्लंडच्या उत्तरेला बर्नार्ड कॅसल हा त्यांचा मुख्य किल्ला.

खरी गुंतागुंत 1234 मध्ये सुरू झाली. ॲलन वारला, तेव्हा त्याला औरस मुलगा नव्हता. मागे तीन मुली होत्या: पहिल्या बायकोची हेलन, आणि मार्गारेटच्या ख्रिस्तिना व डेव्हॉर्गिला. शिवाय थॉमस नावाचा अनौरस मुलगा होता. सरंजामी कायद्याने मुलूख तिघी मुलींत वाटायचा. मुली दिलेल्या होत्या परक्या, इंग्रज-नॉर्मन घराण्यांत, त्यामुळे वाटणी म्हणजे गॅलोवे जावयांच्या हाती. गॅलोवेच्या लोकांना अनौरसपणाचे फारसे वावडे नव्हते. मुलुखाचे तुकडे करू नका, हवे तर तुम्हीच धनी व्हा, असे त्यांनी राजा दुसऱ्या अलेक्झांडरला विनवले. राजाने ऐकले नाही. मग थॉमसला पुढे करून बंड झाले आणि 1235 मध्ये ते मोडले गेले.

थॉमसचे पुढे काय झाले, हे डबीची गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत. त्याला बॅलिऑलच्या ताब्यात दिले गेले आणि बर्नार्ड कॅसलमध्ये कोंडले गेले. म्हणजे डेव्हॉर्गिलाच्या सासरच्या किल्ल्यात तिचाच सावत्र भाऊ कैदी होता, आणि तिच्या सुखवस्तू संसाराची सगळी वर्षे कैदीच राहिला. तो सुटला 1296 मध्ये, साठ वर्षांनी. तोवर ती वारलीही होती. तेही कुणाला दया आली म्हणून नव्हे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला गॅलोवेच्या लोकांना चुचकारायचे होते, म्हणून त्या म्हाताऱ्याला बाहेर काढले.

डेव्हॉर्गिलाची मालमत्ता मात्र वाढत गेली. 1237 मध्ये मामा निपुत्रिक वारला आणि हंटिंगडनच्या जमिनींत वाटा आला. 1246 मध्ये ख्रिस्तिनाही निपुत्रिक गेली. आता मार्गारेटची एकटी वारस डेव्हॉर्गिला. फॉदरिंगे हा नॉर्थॅम्प्टनशरमधला किल्लाही तिच्याकडे आला. (याच किल्ल्यात पुढे 1587 मध्ये स्कॉट राणी मेरीचा शिरच्छेद झाला.)

नवरा 1268 मध्ये गेला. दरहॅमच्या बिशपशी झालेल्या भांडणाचे प्रायश्चित्त म्हणून त्याने ऑक्सफर्डमध्ये गरीब विद्यार्थ्यांना पोसायला सुरुवात केली होती, पण कायमची तजवीज केली नव्हती. ती विधवेने केली. 1282 मध्ये तिने संस्थेचे नियम लिहून त्यावर आपला शिक्का उमटवला: विद्यार्थ्यांनी आपला प्रमुख आपणच निवडावा, आपसांत लॅटिन बोलावे, नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी. हेच बॅलिऑल कॉलेज. कॉलेजच्या मानचिन्हात आजही मानाच्या बाजूला तिच्या माहेरचा, गॅलोवेचा सिंह आहे आणि नवऱ्याचे चिन्ह दुसऱ्या बाजूला. एरवी मानाची बाजू नवऱ्याची. एका बाईने पक्क्या पायावर उभ्या केलेल्या या कॉलेजने विद्यार्थिनींना प्रवेश दिला तो थेट 1979 मध्ये. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना कायद्याच्या परीक्षेला बसता यावे म्हणून याच कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी खटपट केली होती. पण त्या शिकत होत्या सॉमरव्हिलमध्ये.

स्वीटहार्ट मठाची सनद 1273 ची. मठ सिस्टर्शियन पंथाचा. डम्फ्रीज इथला फ्रान्सिस्कन मठही तिनेच बांधला असे परंपरा मानते. हे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवावे.

28 जानेवारी 1290 रोजी ती वारली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्कॉटलंडची बालराणी, 'नॉर्वेची कन्या' मार्गारेट, ऑर्कनी बेटांवर दगावली आणि विल्यम राजाच्या थेट वंशातला शेवटचा औरस अंकुर संपला. आठ महिने आणखी जगली असती तर डेव्हॉर्गिला स्वतःच गादीवर हक्क सांगू शकली असती. तिच्या जागी उभा राहिला मुलगा जॉन. थोरले भाऊ आधीच वारले होते. तेरा दावेदारांत खरा सामना दोघांचा. जॉन हा अर्ल डेव्हिडच्या थोरल्या मुलीचा नातू. समोरचा रॉबर्ट ब्रूस हा मधल्या मुलीचा, इझाबेलाचा मुलगा, म्हणजे डेव्हॉर्गिलाचा मावसभाऊ. ब्रूसचे म्हणणे, मी एक पिढी जवळचा. जॉनचे म्हणणे, थोरली पाती माझी. निवाडा एडवर्डच्या हाती होता. नोव्हेंबर 1292 मध्ये बेरिक इथे थोरल्या पातीचा हक्क मान्य झाला. माझ्या मते कायद्याने तो बरोबरच होता. एडवर्डचा अप्पलपोटेपणा पुढचा: त्याने नव्या राजाला मांडलिकासारखे वागवले, आणि 1296 मध्ये डनबारच्या लढाईनंतर पदच्युत केले. अंगरख्यावरची राजचिन्हे उसवलेला 'रिकामा अंगरखा' हेच जॉनचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

डेव्हॉर्गिलाची एक मुलगी कॉमिन घराण्यात दिली होती. तिचा मुलगा 'तांबडा' जॉन कॉमिन. 10 फेब्रुवारी 1306 रोजी दावेदार ब्रूसच्या नातवाने, त्याचेही नाव रॉबर्टच, त्याला डम्फ्रीजच्या त्या फ्रान्सिस्कन मठात भोसकले आणि दीड महिन्याने स्कूनला राज्याभिषेक करून घेतला.

बॅलिऑलांचा शेवटचा प्रयत्न जॉनच्या मुलाचा. एडवर्ड बॅलिऑल 1332 मध्ये इंग्रजांच्या बळावर राजा झाला. गॅलोवेत त्याला आजीच्या नावावर माणसे मिळत राहिली, इतरत्र नाही. 1356 मध्ये त्याने वर्षाला दोन हजार पौंडांच्या तनख्यावर आपला हक्क इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला लिहून दिला आणि 1364 मध्ये निपुत्रिक वारला. पाच वर्षांनी स्कॉटलंडचा राजा दुसरा डेव्हिड याने निथ आणि क्री नद्यांमधला गॅलोवे आर्चिबाल्ड डग्लसला दिला. हा आर्चिबाल्ड राजा रॉबर्ट ब्रूसचा सवंगडी जेम्स डग्लस याचा अनौरस मुलगा होता.