लेखकाच्या नावानं हॉटेल सजवताना: भिंतीवर ओळ चढवण्याआधी

मराठी लेखकाभोवती हॉटेल उभं करायचं ठरलं की आधी फर्निचर आणि रंग ठरतात, आणि लेखकाच्या ओळी उद्घाटनाच्या आठवड्यात शोधल्या जातात. आमची कळकळीची विनंती आहे, हा क्रम उलटा करा. परवानगी किती दिवसांत मिळेल ते आपल्या हातात नसतं. शिवाय सगळ्या सजावटीत पाहुणा जवळ जाऊन बघतो ती ओळच.

ओळ कोणाच्या मालकीची?

1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हयातीत छापलेल्या साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून होते. राम गणेश गडकरी 1919 मध्ये गेले, साने गुरुजी 1950 मध्ये. त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन आता मुक्त आहे. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या ओळींना 2059 अखेरपर्यंत परवानगी लागेल. पु. ल. देशपांडे यांच्यासाठी 2060 अखेरपर्यंत. लेखकाचं लेखन मुक्त झालं तरी त्याचा फोटो मुक्त असेलच असं नाही, कारण 2012 च्या दुरुस्तीपासून फोटोची मुदत छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो.

परवानगीपत्रात ओळ जशीच्या तशी लिहा, आवृत्ती लिहा, आणि ती कुठेकुठे दिसणार तेही लिहा: भिंत, मेनूकार्ड, वेबसाइट, विकायचे कप. भिंतीपुरती परवानगी घेऊन तीच ओळ कपावर छापली की वाद सुरू होतो.

शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये लागू झाले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार भेटतात. जुनं रूप ठेवा किंवा आजच्या आवृत्तीतलं घ्या, पण एका भिंतीवर दोन्ही नकोत. इंटरनेटवरून ओळ कधीच उचलू नका. पुस्तक समोर ठेवून एकानं मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं अक्षरावर बोट ठेवत तपासावं.

कटिंगला देण्याआधी

भिंतीवरची अक्षरं व्हिनाइलमधून, म्हणजे मागे गोंद असलेल्या पातळ प्लॅस्टिकमधून, मशीनवर कापतात. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये (संगणकावरच्या आजच्या प्रमाण पद्धतीत) नेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात. दुसरी अडचण शिरोरेषेची. फाँटातली अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत किंचित शिरलेली असतात. आकार एकजीव न करता फाइल मशीनवर गेली तर प्रत्येक सांध्यावर ब्लेड फिरतं आणि काही महिन्यांत शिरोरेषेचे तुकडे सुटू लागतात. म्हणून मजकुराचे कर्व्ह करून (अक्षरांचं रेषाचित्र करून) सगळे आकार वेल्ड करून, म्हणजे एकत्र जोडून घ्या, आणि त्यानंतर पुन्हा एकदा वाचा.

3 मीटरवरून आरामात वाचता यावं तर अक्षराची उंची किमान 25 मिमी हवी. वर-खाली मात्रा आणि उकार असल्यानं दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. व्हिनाइल मॅट घ्या, चकचकीत व्हिनाइल दिव्याखाली वाचता येत नाही. रंग दिल्यावर किमान तीन आठवडे थांबा, नाहीतर रंगातून निघणाऱ्या वाफेनं फुगे येतात. पलंगामागे उशीच्या उंचीवर ओळ लावू नका, तेलकट डोक्यांनी कडा काळ्या पडतात.

खोलीतली पुस्तकं

खोलीत वाचायच्या साध्या प्रती ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाची एक जादा प्रत भांडारात ठेवा. जुनी किंवा पहिली आवृत्ती खोलीत नको. पाहुणा चावीचं कार्ड काढून बाहेर पडतो, एसी बंद होतो, पावसाळ्यात दमटपणा एकदम वाढतो. संध्याकाळी पुन्हा थंड आणि कोरडी हवा. रोजच्या या हेलकाव्यानं पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. अशी प्रत लॉबीतल्या बंद कपाटात ठेवा. तिथे आर्द्रता 45 ते 55 टक्के आणि उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आत हवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान पाच सेंटिमीटर पुढे ओढा. लेखकाची पत्रं असतील तर मूळ पत्र कुलपात ठेवा, भिंतीवर प्रत लावा.

रद्दीतून आणलेल्या पुस्तकात कसर (कागद खाणारा किडा) असू शकते. घट्ट पिशवीत बंद करून ते डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पानांवर दव धरतं.

खोल्यांची नावं

पात्रांची नावं जरूर द्या, पण पाटीवर खोलीचा क्रमांक नावापेक्षा मोठा ठेवा. रात्री आग लागली किंवा डॉक्टर बोलवायची वेळ आली तर धावत येणारा माणूस 204 शोधतो.